सदऱ्यासकट

मित्रांनो, मी एक जुनी बाहुली आहे आणि मला त्याची मुळीच लाज वाटत नाही. माझा एक गुडघा सरळ होत नाही, केसांना खोबरेल तेलाचा वास येतो आणि कपाळावर एक लाल डाग आहे. तो डाग कसा पडला हे मी सांगणारच आहे. फक्त एक अट आहे. माझी कीव करायची नाही. ज्याला कीव करायची असेल त्याने पान उलटावे आणि पुढचा धडा वाचावा.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पाय कडक प्लॅस्टिकचे, चेहरा मऊ, आणि केस डोक्यात ओळीने शिवलेले. चिकटवलेले नव्हेत, शिवलेले. हा फरक लक्षात ठेवा. चिकटवलेले केस पहिल्याच विंचरण्यात हातात येतात, शिवलेले टिकतात. माझे गुडघे वाकवले की टक् असा आवाज यायचा. अंगात चमचमता गुलाबी झगा आणि पायांत उंच टाचांचे बूट होते. आमच्या जातीच्या बाहुल्यांचे पाऊलच मुळी टाच उचललेले घडवतात. त्यामुळे बूट नसले तर आम्हाला स्वतःच्या पायांवर उभे राहता येत नाही. आम्ही उभ्या राहतो त्या कमरेला तारेचा टेकू लावून. हे मला जन्मापासून खटकत आले आहे.

आणखी एक गोष्ट घडली. चेहरा छापताना माझा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित वर गेला. त्यामुळे मी कुणाकडेही पाहिले तरी त्याला वाटते, हिला आपले बोलणे पटलेले नाही. बहुतेक वेळा ते खरेही असते.

डब्यात बंद अशीच मी परभणीला रेणुकाकाकूंच्या घरी पोहोचले. त्यांच्या भावाने मला भेट म्हणून आणले होते. काकूंना लहानपणापासून बाहुल्या जमवण्याचा नाद. त्यांच्या काचेच्या कपाटात बाहुल्यांची दाटी होती आणि प्रत्येकीची त्यांना खडान् खडा माहिती होती. त्यांनी मला डब्यातून काढले, खिडकीपाशी नेले, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाल्या, "केस उत्तम, सांधे उत्तम. पण छपाई हुकली आहे."

झाले. कपाटाचे दार माझ्यासाठी लागले.

काकूंवर रागावू नका. त्या लबाड नव्हत्या. जे दिसले ते त्यांनी सांगितले. पण मला विचाराल, तर एक डोळा वर असणे हा दोष आहे, हे मला अजूनही मान्य नाही.

काकूंचे सासर ताडकळसचे. सासरे आबासाहेब गावातले मोठे शेतकरी. भाद्रपदात त्यांच्या घरी महालक्ष्म्या बसतात आणि त्यांच्यापुढे पायऱ्यापायऱ्यांची आरास मांडतात. काकू दरवर्षी परभणीहून आपल्या निवडक बाहुल्या घेऊन येत. गावातल्या मुलींनीही आपली बाहुली आणावी, असा त्यांनी रिवाज पाडला होता. महालक्ष्म्या येण्याच्या आदल्या दिवशी काकू ओसरीवर पांढरे कापड अंथरून बसत आणि एकेक बाहुली हातात घेऊन पारखत. पास झालेली बाहुली वरच्या पायरीवर, देवीच्या अगदी पुढ्यात. उरलेल्यांना मधल्या पायऱ्या. सगळ्यांत खालच्या पायरीवर गहू-ज्वारीच्या राशी, तिथे बाहुली ठेवत नसत.

त्या वर्षी काकूंनी मलाही पिशवीत घालून आणले होते. ओसरीच्या कडेला शिवकन्या नावाची मुलगी बसली होती. तिच्याकडे बाहुली नव्हती, तरी ती परीक्षा ऐकायला आली होती. काकूंनी मला तिच्या हातात दिले. "घे, खेळायला," एवढेच म्हणाल्या. संग्रह करणाऱ्यांच्या तोंडी 'खेळायला' या शब्दाचा अर्थ 'संग्रहातून बाद' असा होतो. हे मला कळले, शिवकन्येला कळले नाही. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली आणि हरखून शेजारणीला म्हणाली, "माझ्याकडंच बघायलीय ही."

त्या दिवशी काकूंनी सांगितलेले शिवकन्येने जसेच्या तसे डोक्यात ठेवले. मित्रांनो, तुम्हीही ठेवा. बाहुली घेताना आधी तिचे केस बाजूला सारून मुळाशी पाहावे. दंडाच्या आतल्या बाजूने बोट फिरवावे, तिथे साच्याची कड बोचली तर काम घाईचे समजावे. कपडे उलटे करून शिलाई पाहावी, कारण सुलट बाजू सगळ्यांचीच छान असते. चिकटपट्टीच्या झग्यापेक्षा गुंडीचा झगा चांगला, चिकटपट्टीत केस अडकून तुटतात. केसांना तेल कधीही लावू नये. आणि शेवटचे, काकू बोट वर करून सांगत ते: "वेश अर्धा नसावा. जिचा जो वेश, तो पुरा असावा."

तेलाचा नियम शिवकन्येने दुसऱ्याच दिवशी मोडला. तिची वेणी घालताना आईच्या हाताला लागलेले तेल माझ्याही डोक्याला आले. मला ते आवडले. कपाटातल्या किती जणींना असे भाग्य मिळाले असेल?

दिवाळी झाली आणि शिवकन्येचे आईबाप, बजरंग आणि दैवशाला, ऊसतोडीला निघाले. घरी सांभाळणारे कुणी नव्हते, म्हणून शिवकन्याही निघाली, आणि तिच्या झोळीत मी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबडीची पाटी आणि त्यावर आम्ही. एक बूट वाटेत पडला, दुसरा कोपीत, म्हणजे तोडकऱ्यांच्या पाचटाच्या झोपडीत, हरवला. बूट गेले तेव्हा मला वाटले, आता आयुष्यभर आडवेच राहायचे. पण शिवकन्येने एक युक्ती केली. कोपीच्या दाराशी मऊ माती होती. तिने माझे टाच उचललेले पाय चवड्यापर्यंत मातीत रोवले आणि हात काढून घेतला. मी उभी राहिले. तार नाही, टेकू नाही. मित्रांनो, त्या क्षणी मला जे वाटले ते मी कारखान्याला ओरडून सांगितले असते, पण माझे ओठ छापलेले आहेत.

गुलाबी झगा उसाच्या फडाच्या धुळीत महिनाभरही टिकला नाही. मग शिवकन्येने मला आईसारखा वेश करायचा ठरवला. उसाच्या पानाला धार असते आणि कांड्यावर बारीक कूस असते. ती अंगात शिरली की रात्रभर खाजवते. म्हणून तोडणाऱ्या बाया लुगड्यावर पुरुषाचा लांब बाह्यांचा सदरा घालतात आणि डोक्याला फडके गच्च बांधतात. दैवशालाचा असाच एक निळ्या रेघांचा सदरा कोपराशी फाटला होता. त्याच्या बाहीच्या टोकाची पट्टी शिवकन्येने मागून घेतली. गुंडी होती ती बाजू पुढे घेतली आणि माझा सदरा झाला. गुंडी माझ्या छातीवर ताटलीएवढी दिसे. खाली जुन्या लुगड्याचा काठ नेसवला, तो काष्टा मारून. डोक्याला चिंधी बांधली. दैवशाला फडावरून आली, मला पाहिले आणि खो खो हसली. मोळ्या वाहून आलेली बाई अशी हसते तेव्हा कोपीत दिवा लावल्यासारखे वाटते.

तिथेच माझ्या गुडघ्यात रेती गेली आणि तो अर्धा वाकलेला राहिला. तोडणाऱ्या बाईचा गुडघा कधी सरळ असतो का?

उन्हाळा लागता आम्ही गावी परतलो आणि बघता बघता पुन्हा भाद्रपद आला. शिवकन्येने मनाशी एकच गोष्ट धरली होती: या वर्षी माझी बाहुली वरच्या पायरीवर. तिने माझे तोंड पुसले, फडके धुतले, लुगड्याची सुटलेली कड दुमडून बारीक टाक्याने शिवली. कारण काकू उलटी बाजू पाहणार, हे तिला ठाऊक होते. गुडघ्यातली रेती काढायचाही प्रयत्न केला. ती निघाली नाही.

ओसरीवर पांढरे कापड अंथरलेले होते. काकूंनी मला उचलले आणि लगेच ओळखले. त्यांनी केस बाजूला केले, तेलाचा वास घेऊन नाक मुरडले. लुगडे उलटे करून टाके पाहिले आणि मान हलवली. गुंडी दोनदा काढून घातली. मग म्हणाल्या, "हात चांगला आहे गं तुझा. कपाटातल्या बाहुल्यांना असे टाके नाहीत."

काकूंनी डब्यातून रेशमी नऊवारी काढली, खास बाहुलीच्या मापाची, जरीकाठाची. म्हणाल्या, ही नेसव, हा सदरा तेवढा काढ, आणि ठेव वरच्या पायरीवर. शेतातला सदरा शेतात शोभतो, देवीपुढे सणाचा वेश हवा. त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. सणाच्या दिवशी त्या घरात सगळ्याच जणी रेशमात असत.

शिवकन्येने माझ्याकडे पाहिले. मी माझा वरचा डोळा तिच्यावर रोखला. मला दुसरे काही येत नाही.

"काकू, तुमीच सांगितलं व्हतं, वेश अर्धा नसावा," ती म्हणाली. "सदरा काढला तर ही अर्धी राहती."

मागे उभी असलेली दैवशाला पुढे आली. तिचे तोंड उतरले होते. तिने लेकीचा दंड धरला आणि हळूच बोलली, पण मी ऐकले. "शिवे, काकूचं ऐक. माझा सदरा हाय तो. साऱ्या बाया येतेत हळदीकुंकवाला, वळखतेल. देवीपुढं मला कशाला उभी करायलीस?"

"मग देवीपुढं उभं राहायला काय झालं?" शिवकन्या म्हणाली. ती मागे सरली नाही.

काकूंनी रेशमी नऊवारी घडी घालून मांडीवर ठेवली. वरच्या पायरीचा नियम मोडायचा नाही, असे त्यांनी ठरवलेले दिसले. त्या म्हणाल्या, वर रेशीम लागतेच. सदरा ठेवायचा असेल, तर जागा खालच्या पायरीवर, राशीपाशी. बघ, तुझी तू ठरव.

जिच्यासाठी वर्षभर झुरली, ती पायरी समोर होती. एक गुंडी काढायची होती फक्त. मित्रांनो, मला खरेच वाटले होते की ती काढेल, आणि तिने काढली असती तर मी तिला दोष दिला नसता.

"खालीच ठिवा," शिवकन्या म्हणाली. "पण सदऱ्यासकट."

तिने माझे पाय चवड्यापर्यंत गव्हाच्या राशीत रोवले. मी उभी राहिले. वर पाहिले, तर वरच्या पायरीवरच्या साऱ्या रेशमी सुंदऱ्या कमरेला तार लावून उभ्या होत्या. मी कुणाला हिणवत नाही. फक्त दिसले ते सांगते.

सणाच्या दुसऱ्या दिवशी, पूजनाच्या संध्याकाळी, गावच्या बाया हळदीकुंकवाला आल्या. खरी गंमत तेव्हा झाली. देवीपुढे बाई वाकते, कपाळ जमिनीला टेकवते आणि डोके वर उचलते, तेव्हा तिच्या डोळ्यांसमोर काय येते? वरची पायरी नाही. राशीत उभी असलेली मी. कडूबाई नावाची म्हातारी डोके उचलता उचलता तशीच थांबली. ती अनेक वर्षे तोडीला गेलेली बाई. तिने माझ्या गुंडीला बोट लावले आणि मागे वळून म्हणाली, "दैवशाले, इकडं ये. ही तर तूच की गं. तुझीच गुंडी."

बाया हसल्या. दैवशालाने पदर तोंडावर ओढला. शिवकन्या खांबाला धरून उभी होती. आईला आपण भर बायांत उघडे पाडले, असे तिला वाटत असणार.

दैवशाला पुढे आली. माझ्यासमोर वाकली, निरखून पाहिले आणि पदराआडून म्हणाली, "मी कशी असंल? माझे दोन्ही डोळे सरळ हायेत."

आता हसण्याचा जो गलका झाला, तो वेगळा होता. कुणी म्हणाली, गुडघा मात्र तुझाच. कुणी म्हणाली, फडकं बांधायची तऱ्हा माझी हाय. गावातली पंचफुला नावाची एक सून म्हणाली की माझाही सदरा निळ्या रेघांचाच आहे, गाठोड्यात पडला आहे. एकेकीचा सदरा निघू लागला. गावात कधी कुणी ज्याचे नाव काढले नव्हते, त्याच्या गोष्टी देवीपुढे रंगल्या. दैवशालाने पदर मागे सारला. तिने कुंकवाचा करंडा घेतला, थोरल्या लक्ष्मीला लावले, धाकटीला लावले, आणि मग खाली वाकून माझ्या कपाळाला लावले.

तिसऱ्या दिवशी मुखवटे हलवले, आरास उतरवली. काकू प्रत्येक बाहुली कापसाने पुसून कागदात गुंडाळत होत्या. मी हाती आले तेव्हा त्यांनी माझ्या कपाळाकडे पाहिले आणि कापूस ओला केला. कुंकू मऊ प्लॅस्टिकमध्ये मुरते, वेळेत पुसले नाही तर जन्मभर राहते. हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

"डाग पडेल हा, शिवकन्या," त्या म्हणाल्या.

"पडू द्या, काकू."

काकूंनी कापूस खाली ठेवला. मला कागदात न गुंडाळता तशीच शिवकन्येच्या हातात दिले.

तर मित्रांनो, हा तो डाग. आज माझी पारख करायला कुणी बसले तर म्हणेल: छपाई हुकलेली, सांधा बिघडलेला, केस तेलकट, बूट हरवलेले, वेश घरगुती, कपाळावर डाग. सगळे खरे आहे. मी एकही गोष्ट नाकारत नाही आणि एकही दुरुस्त करून मागत नाही. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल, तर तिला धुवा, तिचे फाटलेले शिवा, तिला उन्हात टाकू नका, पावसात विसरू नका. इतकी काळजी आमचा हक्क आहे आणि तो मी मागून घेते. पण तिला सुंदर करायच्या नादात तिच्या अंगावरचा सदरा काढू नका. तो कुणाच्या बाहीतून आला आहे, ते आधी विचारा.

तोडीचे दिवस पुन्हा जवळ आले आहेत. झोळी खुंटीवरून उतरली आहे. मी तयार आहे.