शिद्लोची दुसरी साक्ष

"नाही बुवा, मी कधी ऐकला नाही हा शब्द," दादा म्हणाला आणि चहात साखर ढवळत बसला. वहिनी शेजारीच होती.

खोटं बोलताना दादा लहानपणापासून असंच काहीतरी ढवळतो. मला रागही आला आणि रडूही.

एकतीस वर्षं मी कोश-कार्यालयात शब्दांची कार्डं तपासते. मूळ स्लाव भाषा कुणी लिहून ठेवली नाही; तिच्या लेकीनातींच्या बोलींवरून तिचे शब्द जुळवायचे, हा आमचा उद्योग. सध्या गाडी मोच्याच्या आरीवर अडली होती. शब्द शिद्लो, नपुंसकलिंगी. 'शि' म्हणजे शिवणे आणि 'द्लो' म्हणजे ते ज्याने करायचं ते साधन. आमच्या भागातल्या सगळ्या बोलींनी मधला 'द' केव्हाच गिळून टाकला. बाबांनी तेवढा गिळला नाही. ते जोडे शिवायचे आणि हातातल्या आरीला शिद्लोच म्हणायचे, आजोबांसारखं.

पण एकाच तोंडचा शब्द कोशात जात नाही, दोन माणसं लागतात. हा नियम माझाच. त्यापायी मी लोकांची शेकडो कार्डं बाद केलीत आणि खाष्ट म्हणून नाव कमावलंय. बाबांचं गाव कधीच उठलं. एक साक्ष बाबांनी दिली; दुसरीला उरलो आम्ही दोघं भावंडं, आणि तपासनिसाची, म्हणजे माझी, साक्ष चालत नाही.

दादा जिन्यापर्यंत सोडायला आला. हळूच म्हणाला, "तुम्ही साक्ष देणाऱ्याचं नाव, धंदा सगळं छापता ना?"

"हो. वडिलांचा धंदासुद्धा."

"इथे सगळ्यांना वाटतं, बाबांचं चपलांचं मोठं दुकान होतं. पोरीचं लग्न ठरतंय गं. मला गोत्यात आणू नकोस."

"बाबा हाक मारायचे, 'शिद्लो आण रे!' तूच धावायचास. आठवतं की नाही, एवढंच सांग."

"सांगितलं ना एकदा!"

कार्यालयात जाऊन मी कार्डावर 'एकच साक्ष' असं लिहिलं आणि तांबडी रेघ मारली. रेघ अगदी सरळ आली, याची लाज वाटली.

घरी बाबा दाराकडे तोंड करून बसले होते. अठ्ठ्याऐंशीचे आहेत, पण आज दाढी करून, धुतलेला सदरा घालून बसले होते.

"भेटला का दादा?"

"भेटला."

"मग? आठवला का त्याला शब्द?"

"एका दमात म्हणाला, बाबा."

"म्हणणारच. हाताला धरून शिकवलंय मी त्याला."

ते बराच वेळ स्वतःशीच हसत राहिले. मी पिशवी हातात घेऊन तशीच दारात उभी होते.