सरांना सगळं कळत होतं

मी एक जुना मेंदू आहे. दचकू नका मित्रांनो, प्लास्टरचा आहे. एका कारागिराने मला साच्यातून काढलं, रंगवलं, आणि मी सरांच्या वर्गात टेबलावर येऊन बसलो. तीस वर्षं सर माझ्यावर पट्टी टेकवून शिकवत. बोलणं डावीकडे पुढे, समजणं मागे, सूर बराचसा उजवीकडे. शब्दांआधी गुणगुणणं आलं असावं, असं ते मानत. आदिम आई तान्ह्याला खाली ठेवून कामाला लागे, तेव्हा तिचा हुंकारच त्याला धीर देई. पुढे लाखो वर्षांत मेंदू वाढत गेला आणि त्या सुरांनाच शब्द फुटले. यावर सर पुस्तक लिहीत होते.

मला पुसायचं काम त्यांच्या लाडक्या शिष्याचं. माझा कानाकोपरा त्याला तोंडपाठ. मला तर तो पोटच्या पोरासारखा वाटायचा.

एके दिवशी सरांच्या मेंदूत रक्ताची गाठ अडकली. उजवा हात गेला, वाचा गेली. वर्गात चित्रं दाखवणारा नवा डिजिटल पडदा आला आणि माझी पाठवणी अडगळीत व्हायची होती. पण सरांच्या पत्नीने, काकूंनी, मला घरी आणून सरांच्या खाटेशेजारी ठेवलं.

शिष्य भेटायला आला. सरांकडे पाठ करून म्हणाला, "काकू, सरांना आता काही कळत नाही. पुस्तकाचे कागद द्या, मी माझ्या नावाने पुरं करतो."

अरे चांडाळा, बोलणं गेलं तरी समज शाबूत राहू शकते, हे माझ्यावरच बोट ठेवून शिकलास ना तू? काकूंनी भाबडेपणाने गठ्ठा काढला. सर नुसते "अं... अं..." करत राहिले. डोळ्यांना धार लागली होती.

मग त्यांनी डावा हात लांबवून माझ्या उजव्या, सुरांच्या बाजूवर ठेवला. लेक लहान असताना तिला निजवायला जी चाल गुणगुणायचे, त्या चालीत अडखळत गायले, "मला... कळतंय... देऊ नको."

शिष्य हसला. म्हणाला, जुनं गाणं सवयीने तोंडात येतं, त्याला अर्थ नसतो. खोटं बोलायलाही त्याने आमचीच विद्या वापरली.

काकूंनी गठ्ठा छातीशी धरला. "ही चाल मी तीस वर्षं ऐकतेय. हे शब्द तिच्यात नव्हते."

तो निघून गेला. कागद बचावले, पण सर त्या दिवसापासून दाराकडे पाठ करून बसतात.

मित्रांनो, एखाद्याची वाचा गेली म्हणजे माणूस गेला असं समजू नका. त्याच्यादेखत जपून बोला. सरांनी सगळं ऐकलं, आणि तेही ज्याला शिकवलं त्याच्याच तोंडून.