आठशे मीटरचा दोरा

मुकुंदवाडीच्या मैदानावर त्या सकाळी पळणाऱ्यांपेक्षा बघेच जास्त होते. फुलंब्रीकडून पहिल्या एसटीनं आलेले बाप, डोक्यावर पदर घेतलेल्या आया आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या चाळीसेक पोरी. मधोमध प्लॅस्टिकच्या खुर्चीवर पवनबाबा बसले होते. एकेक पोर पाय पुढं करायची. बाबा तिच्या घोट्याला हिरवा दोरा बांधायचे, सात गाठी मारायचे आणि प्रत्येक गाठीवर फुंकर घालायचे.

"अन्न म्हंजे माती! माती जड, वारा हलका. मग पळायचं कशानं?"

"वाऱ्यानं!" गर्दी ओरडायची.

"मग पोटात माती भरून मैदानावर येऊ नका. उपाशी पळा! रिकाम्या जागेत वारा आपुआप शिरतो. पाय तुमचे, चाल वाऱ्याची!"

कडेला निशा मॅडम गळ्यात शिट्टी आणि हातात स्टॉपवॉच घेऊन उभ्या होत्या. वीस वर्षं त्या शाळेत खेळ शिकवत आल्या होत्या आणि सकाळी या पोरींचा सराव फुकट घेत होत्या. पळण्याआधी एखादं केळं खा, पळून झालं की शेंगदाणे-गूळ खा, डब्यात डाळ आणा, अंडं चालत असेल तर अंडं आणा. हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं होतं, की आता त्यांना स्वतःच्याच आवाजाचा कंटाळा आला होता. दोऱ्याविरुद्ध तोंड उघडायचीही सोय नव्हती. कारण चमत्कार खरोखर घडला होता, आणि तोही त्यांच्याच स्टॉपवॉचवर.

दिवाळीनंतर बाबांनी पहिल्या सात जणींना दोरा बांधला. त्यांत मोनिका होती. आठशे मीटरला तिला साडेतीन मिनिटं लागायची. सहा आठवड्यांत ती तीन मिनिटांच्या आत आली. बाकी सहा जणीही सुधारल्या. सराव तोच, मैदान तेच, मॅडम त्याच. नवीन होता तो फक्त दोरा.

"मॅडम, तुम्ही दोन वर्षं शिकवलं," एक बाप म्हणाला, "बाबांनी दीड महिन्यात करून दावलं. राग नका मानू."

राग मानायलाही अंगात ताकद लागते. मॅडम नुसत्या हसल्या.

प्रांजली दौलताबादजवळच्या वस्तीवरची. बाप बिभीषण मेंढरं राखायचा. पोर आधीच काटकुळी, पण जिद्दीची. दोरा बांधल्यावर तिनं सकाळची अर्धी भाकरही सोडली. तीन आठवड्यांत तिची वेळ सुधारली तर नाहीच, उलट वीस सेकंदांनी वाढली. बाबांकडं उत्तर तयार होतं, "मन मळलंय तुझं. आणखी कडक उपास धर."

तिनं धरला. मंगळवारी दुसऱ्या फेरीत ती कोसळली. हातपाय थरथरत होते, ओठ पांढरे पडले होते.

"वारा आला! अंगात वारा आला!" बाबांचे भक्त धावले. "हात लावू नका कुणी!"

बिभीषणनं लेकीपुढं हात जोडले. त्याला ढकलून निशा मॅडम पुढं झाल्या. पोरीला सावलीत आडवी केली, पाय उंच धरले, शुद्धीवर आल्यावर साखर-मिठाचं पाणी घोटघोट पाजलं आणि रिक्षात घालून तिला दवाखान्यात नेलं.

"हिमोग्लोबिन साडेसात," डॉक्टर म्हणाले. "रक्तात लोह नाही, पोटात अन्न नाही. या अंगानं पोरगी पळत होती, हाच काय तो चमत्कार! तीन महिने मैदान बंद."

भरती तीन आठवड्यांवर आली होती. प्रांजलीनं भिंतीकडं तोंड फिरवलं.

घरी आल्यावर मॅडमनी सरावाची वही उघडली. पहिल्या सातही जणी सुधारलेल्या. नंतर दोरा बांधलेल्या तीसेक पोरींत मात्र एकही नाही. दोरा तोच, गाठी त्याच, फुंकर तीच. मग फरक कशाचा? त्यांनी मोनिकाला बोलावलं.

"तुम्हा सात जणींना बाबांनी नेमकं काय काय दिलं होतं? एकूणएक सांग."

"दोरा, मंत्र... आन् प्रसाद."

"राखेची पुडी?"

"नाय मॅडम, ती आत्ताच्या पोरींना. आम्हाला आक्काबाईंचे लाडू मिळतेत. पळून आलो की दोन लाडू आन् वाटीभर मोडाची मटकी. रोज."

मॅडम थेट बाबांच्या पत्र्याच्या मठामागं गेल्या. आक्काबाई चुलीपुढं शेंगदाणे भाजत बसल्या होत्या. त्या बाबांच्या थोरल्या बहीण.

"केरबा माझा पाठचा भाऊ. पवनबाबा तर आत्ता वरीसभरात झालाय," त्या म्हणाल्या. "पोरी पळून यायच्या, तोंडं सुकल्याली. मला बघवंना. म्हणून लाडू कराय लागले. गर्दी वाढली तसा केरबा म्हणला, लाडू बंद कर, राख दे. लोक म्हणत्याल लाडवानंच झालं. त्या सात जणींना मी अजून चोरून देते."

लोक म्हणतील लाडवानंच झालं! म्हणजे गडी अडाणी नव्हता. त्याला सगळं ठाऊक होतं.

"हे चार लोकांत सांगाल?"

आक्काबाईंनी शेंगदाण्यांची कढई चुलीवरून खाली उतरवली. "ती मेंढीवाल्याची पोर जगली का?" त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "सांगते."

रविवारी मैदान गच्च भरलं होतं. निशा मॅडमनी सगळ्यांसमोर मोनिकाला दोरा कापायला सांगितलं. पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मॅडम, दोऱ्यासंगं पायातलं बळ गेलं तर?"

"हमी मी देत नाही. मोजून बघू, एवढंच म्हणते."

मोनिकानं डोळे मिटून ब्लेडनं दोरा कापला आणि ती पळाली. मागच्या आठवड्यात तिला दोन मिनिटं अठ्ठावन्न सेकंद लागले होते. आज सत्तावन्न.

बाबा खुर्चीतून उठले. "आता तोडून काय व्हतंय? शक्ती रक्तात उतरली तिच्या!"

"मग प्रांजलीच्या रक्तात का नाही उतरली?"

"तिची श्रद्धा कमी पडली."

गर्दीतून बिभीषण पुढं आला. त्याचा आवाज चढला नव्हता. "महाराज, तुमच्या शब्दावर माझी लेक तीन आठवडे उपाशी पळाली. आणखी किती श्रद्धा लागती?"

तेवढ्यात आक्काबाईंनी लाडवांचा डबा खाली ठेवला. "दोऱ्यात काय नाय, बाबांनो. दोरा मीच बाजारातनं आणते, रीळच्या रीळ. पोरी वाढल्या त्या ह्याच्यावर." त्या भावाकडं वळल्या, "केरबा, घरी चल आता."

बाबा गेले. खुर्ची तेवढी राहिली.

लोक मॅडमकडं बघत होते. भाषण द्यायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. त्यांनी बिभीषणलाच विचारलं, "टकरीचा मेंढा तयार करताना त्याला काय घालता हो?"

"हरभरा भिजवून, सरकी, मका. दूध बी पाजतो कधीकधी. पळवायचा तेवढा पळवायचा, पर खाणं आधी."

"आणि गळ्यात काय बांधता?"

"काळा गोंडा बांधतो की, नजर लागू नये म्हणून."

लोक हसले. मॅडमही हसल्या. "आणि नुसता गोंडाच बांधला, हरभरा दिलाच नाही, आणि रोज पळवला तर?"

"मरंल की वो," बिभीषण म्हणाला. मग हळूच म्हणाला, "मेंढ्याचं कळत व्हतं, मॅडम. पोरीचं नाय कळलं. घरात ती सगळ्यात शेवटी जेवती."

"पळण्यानं अंग झिजतं," मॅडम म्हणाल्या. "झिजलेलं भरून निघतं ते खाण्यानं आणि झोपेनं, आणि भरून निघताना ते आधीपेक्षा घट्ट होतं. ताकद येते ती अशी. भरलंच नाही तर शरीर आपलंच मांस जाळतं. मोनिकाच्या पायांत वारा नव्हता. तिचा घाम होता, आणि आक्काबाईंची पहाटेची मेहनत."

पुढं मोनिका भरतीला गेली. प्रांजली गेली नाही. ती घरी लोहाच्या गोळ्या, पालक आणि उसळी खात होती. बिभीषण आता तिला आपल्याआधी वाढायचा. पण हुकलेली भरती परत येणार नव्हती. पुढच्या जाहिरातीची वाट बघणं एवढंच तिच्या हातात होतं.

त्या रविवारच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, मैदानावर नऊ-दहा घोट्यांवर हिरवे दोरे अजून होतेच. मॅडमनी ते पाहिले. थकल्यासारखं वाटलं, पण नवल वाटलं नाही. एवढ्या पिढ्यांची गाठ एका रविवारी सुटत नसते. त्यांनी शिट्टी तोंडात धरली नाही.

"आज काय खाऊन आलात?" त्यांनी विचारलं. "ज्या खाऊन आल्यात त्यांनी हात वर करा. बाकीच्यांनी आधी खायचं, मग पळायचं. आणि उद्या कुणी म्हणालं, की अमक्यामुळं तमकं झालं, तर मला विचारू नका, बाबाला विचारू नका. वही घ्या, घड्याळ घ्या आणि मोजून बघा."

अकरा हात वर झाले. गेल्या आठवड्यात एकही झाला नसता.