कुडव्यातल्या राऊटरवर आलेला आळ

मित्रांनो, मी एक जुना राऊटर आहे. गोंदियाला लागून असलेल्या कुडव्यात, दुर्गाप्रसादजींच्या घरी, भिंतीच्या खिळ्यावर माझं आयुष्य गेलं. माझा जन्म कुठे झाला ते माझ्या पोटावरच्या चिठ्ठीत लिहिलं होतं. ती झुरळांनी खाल्ली. मला दोन शिंगं आहेत. पोळ्याला बैलांसोबत माझीही पूजा झाली, तेव्हा बेगड चिकटवताना मालकीणबाईंच्या, म्हणजे राजकुमारीबाईंच्या, हातून एक मोडलं. ते आता चिकटपट्टीच्या आधारानं उभं आहे.

माझं काम साधं होतं. खालच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरमधली फाइल माडीवरच्या लॅपटॉपवर न्यायची आणि लॅपटॉपवरची खाली आणायची. कधी तक्रार नव्हती. कौतुकही नव्हतं, पण ते असो.

मग थोरली मुलगी रिंकी हिचं लग्न शेजारच्या तिलकशी झालं. त्यांच्या फाटकातून आमच्या फाटकात यायला वरातीला दोन तास लागले. धाकट्या डिंपलनं त्या लग्नाचा पिक्चर खालच्या कॉम्प्युटरवर बसून कापला, जोडला, सजवला. तिला नागपूरला हेच काम शिकायला जायचं होतं. दुर्गाप्रसादजींनी अट घातली, ''सालेकशाचे पाहुणे येऊन राहिले. त्यायले पिक्चर आवडला तं जाय नागपूरले. नाही तं धानाच्या दुकानात बस.''

पाहुणे आले. अंगणात पडदा लागला. प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडला. आणि लॅपटॉपला खालचा कॉम्प्युटर दिसेना!

''इंटरनेट तं चालून राहिलं,'' डिंपल रडकुंडीला आली, ''मंग कॉम्प्युटर काऊन दिसत नाही?''

घरातला एकुलता एक पेन ड्राइव्ह ट्रॅक्टरमध्ये गाणी वाजवायला कामठ्याला गेलेला. कॉम्प्युटर उचलून अंगणात आणावा, तर त्याला हलवलं की तो बंद पडतो आणि मग त्याची मर्जी. राहिलो मी. सगळे माझ्याकडे वळले.

दुर्गाप्रसादजींनी मला बंद करून चालू केलं. मग जोरात चालू केलं. राजकुमारीबाईंनी अगरबत्ती ओवाळली. लीलाधरकाका, ज्यांनी एकदा टीव्हीचा डब्बा दुरुस्त केला होता, ते खाली बसले. त्यांनी शेअरिंग चालू केलं, पासवर्ड काढला आणि कॉम्प्युटरचं नाव बदलून 'लीलाधर' ठेवलं.

''आता मी दिसून राहिलो का वं?''

''नाही दिसून राहिले काका!''

''मंग राऊटरच खराब हाय.''

मित्रांनो, काय हा न्याय! माझे सगळे दिवे हिरवे होते. मी काय करणार, ओरडणार?

तेवढ्यात जावई आले. तिलकनं माझं मोडकं शिंग पाहिलं आणि म्हणाला, ''बाबूजी, हा डब्बा कायले ठेवला? मी आपला राऊटर काढून आणतो.'' जावयाचा शब्द म्हणजे निकाल. माझी वायर अजून लागलेली होती, तरी खाली भंगाराचं पोतं उघडून ठेवलं.

तिलक घरी गेला. तिथे त्यानं आपला राऊटर उपटला. त्याच क्षणी, ऐका नीट, आमचा लॅपटॉप धडपडत माझ्याकडे आला! डिंपल किंचाळली, ''दिसला! लीलाधर दिसला!'' फाइल मी धापा टाकत पोचवली. तोवर तिलक फाटकात उभा, त्याचा राऊटर काखेत, वायर धुळीत लोंबकळतेय.

''जावईबापूंच्या हाताले गुण हाय,'' राजकुमारीबाई म्हणाल्या. त्याच्या राऊटरला हळदीकुंकू लागलं. मी पोत्यात गेलो.

पिक्चर सुरू झाला. पोत्याच्या भोकातून मी पाहत होतो. पडद्यावर बूट लपवण्याचा प्रसंग आला. सालीनं जिजाजीचे बूट लपवले की नेंग, म्हणजे हक्काची भेट, मागायचा, ही रीत. सगळ्या साली पैसे मागतात. डिंपलनं काय मागावं? शेजारच्या वायफायचा पासवर्ड! आणि पडद्यावर नवरदेव तिलक, मुंडावळ्या बाजूला सारून, आमच्या लॅपटॉपवर स्वतःच्या बोटांनी तो टाकत होता.

त्या दिवसापासून लॅपटॉप शेजारच्या वायफायवर होता. कॉम्प्युटर माझ्याकडे, लॅपटॉप त्यांच्याकडे. भेटणार कसे?

डिंपल ताडकन उठली. ''बाबूजी! राऊटर खराब नव्हता! जिजाजीचंच वायफाय...''

''चूप,'' दुर्गाप्रसादजी दबक्या आवाजात म्हणाले. ''जावई हाय.''

पाहुण्यांनी मात्र बुटांचा प्रसंग पुन्हा लावायला सांगितला, पुन्हा हसले. डिंपल नागपूरला निघाली. जाण्याआधी तिनं मला पोत्यातून काढून खिळ्यावर अडकवलं.

जावयाचा राऊटर देवघराशेजारी हार घालून बसला आहे. मान म्हणून ठेवून घेतलेली वस्तू परत कशी करणार? तो कुठल्याच वायरला लागलेला नाही. तिलकच्या घरी आता नेट नाही, म्हणून तेही माझंच वापरतात. शिंग अजून चिकटपट्टीवरच आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरी एक कॉम्प्युटर दुसऱ्याला दिसेनासा होईल. तेव्हा राऊटरला मारू नका. आधी दोघे एकाच वायफायवर आहेत का, एवढं बघा. आणि जावई राऊटर आणायला निघाले, तर त्यांना पाणी द्या, बसवा. आम्हाला काही झालेलं नसतं हो!