पडद्यावरचा हात

मित्रांनो, मी एक जुना पडदा आहे, पण खिडकीचा नव्हे. पुठ्ठ्यावर क्षारांचा लेप देऊन मला बनवले आणि एका लाकडी पेटीच्या तळाशी बसवले. काचेच्या नळीतून निघालेले क्ष-किरण अंगावर पडले की मी हिरवट चमकायचो. मध्ये कोणी हात धरला, तर त्याच्या हाडांची सावली माझ्यावर उमटायची. पेटीच्या वरच्या बाजूला डोळे लावून लोक ती सावली बघत.

आमचा दवाखाना लहान होता. यंत्र चालवणारे गृहस्थ आणि त्यांची बायको, दोघेच काम करत. नळी मोठी लहरी. आज तिचे किरण कमजोर, तर उद्या इतके जोरदार की हाड आणि मांस सारखेच दिसे. म्हणून पहिला रोगी येण्याआधी ती तपासावी लागे. यंत्रवाल्यांच्या एका हातात पेटी, दुसऱ्यात कळ. मग बाई आपला डावा हात मध्ये धरत.

"अहो, रोज माझी हाडं बघता. एखाद दिवस तोंडाकडेही बघा की!"

"हलू नकोस गं. हाडं निदान गप्प तरी बसतात."

माझे खूप कौतुक झाले. एका मुलीने गिळलेले बटण मी दाखवले, तेव्हा तिची आई पेटीवरूनच हात फिरवत राहिली.

काही वर्षांनी बाईंच्या बोटांची कातडी लाल झाली, मग तडकली. दोघांना वाटले, हाडांचे फोटो ज्या काचांवर काढत, त्या धुण्याच्या औषधाने झाले असेल. बाईंनी औषधाला हात लावणे सोडले. माझ्यासमोर हात धरणे मात्र सोडले नाही.

जखम भरेना. हे रोजच्या किरणांनी झाले, असे डॉक्टरांनी सांगितले आणि दोन बोटे काढली, पण उशीर झाला होता. त्याच वर्षी बाई गेल्या.

काही दिवसांनी यंत्रवाल्यांनी खोली उघडली, कळ दाबली आणि सवयीने म्हणाले, "अगं, धर जरा."

मग त्यांनी कळ बंद केली. अ‍ॅल्युमिनिअमच्या पत्र्याचे तुकडे कापून पायऱ्यांसारखे एकावर एक जोडले आणि नळीपुढे टांगले. त्यांची सावली माझ्यावर स्वच्छ उमटली. नळी कशी चालली आहे, ते लगेच कळले.

"हे करायला फक्त अर्धा तास लागला," ते म्हणाले आणि खाली बसले.

आता माझा लेप फिका पडला आहे. मी कपाटात पडून असतो, त्याची तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्या कामासाठी घरातला एखादा हात रोज पुढे येत असेल, तर तो नीट बघा. दुखतो का, ते विचारा. ते माणूस आपणहून सांगणार नाही.