सुमनताईंनी मला तेल घातलं

माझ्या झाकणाला तडा गेला आहे आणि एका कडेचं लाकूड टवकलं आहे, तरी पुसून ठेवलं की मी अजून बरा दिसतो. मित्रांनो, मी एक जुना रेकॉर्ड प्लेअर. कुवेतच्या शुक्रवारच्या बाजारात, मोडक्या पंख्यांशेजारी, मी किती उन्हाळे काढले ते आठवत नाही. तिथून मला हफिजाने उचललं.

हफिजा रत्नागिरीकडची, फरवानियातल्या दवाखान्यात नर्स. अब्बासिया वस्तीतल्या तिच्या इमारतीत, तिच्याच मजल्यावर अंतरा आईबरोबर राहायची. हफिजाच्या खोलीत चौघी, म्हणून माझा मुक्काम अंतराकडे, देवघराशेजारी.

हफिजाची ड्युटी संपली की दोघी माझ्यापाशी बसत. हफिजा तबकडीवरचा ढोलाचा तुकडा हाताने मागे ओढून पुन्हा पुन्हा वाजवायची आणि अंतरा त्या तालावर भराभर बोलायची. त्याला रॅप म्हणतात. हफिजा सांगे की फार वर्षांपूर्वी हे असंच सुरू झालं; एकाने तबकडी फिरवायची, दुसऱ्याने आपल्या घरचं, गल्लीतलं सांगायचं. आधी मला तिच्या हाताची भीती वाटे. मग कळलं, नाडी बघणारा हात आहे, दुखवणार नाही.

अंतराची आई सुमनताई. तीस वर्षं इथल्या वॉर्डात नर्स म्हणून उभ्या राहिलेल्या. स्तोत्र म्हटल्याशिवाय त्यांनी कधी दवाखान्याची बस पकडली नाही. मार्चमध्ये नोकरी सोडून त्या कायमच्या नाशिकला जाणार होत्या. अंतराने त्यांच्यावरच रॅप लिहिलं होतं, पण तोंडावर सांगायला ती लाजायची. आणि सुमनताईंना तिच्या भराभर बोलण्यातलं अक्षर कळत नसे. त्या म्हणायच्या, "पोरी, श्वास तरी घे गं."

अंतरा हसायची. पण एकदा तिने हफिजाला सांगितलं, की आई जायच्या आत हे तिच्यापर्यंत पोचलं नाही, तर फोनवर काही सांगता येणार नाही. इथल्या मराठी मंडळाच्या दसऱ्याच्या कार्यक्रमात दोघींना पाच मिनिटं मिळाली होती. तेवढीच काय ती संधी.

आदल्या दिवशी खंडेनवमी होती. सुमनताईंनी घरातली हत्यारं पुजली. शिवणयंत्र, विळी, आपला रक्तदाब मोजायचा पट्टा, आणि मी. हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. माझ्या फिरत्या तबकाची कुरकुर त्यांनी रोज ऐकली होती. शिवणयंत्राला घालतात तसं त्यांनी मलाही तेल घातलं, समईतलं, चांगलं चार थेंब. इतक्या मायेने मला आजवर कुणी हात लावला नव्हता. पण मित्रांनो, ते तेल माझं तबक फिरवणाऱ्या रबरी पट्ट्यावर उतरलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या हॉलमध्ये, पडद्यामागे, हफिजाने तबकडी लावली आणि ढोल पेंगुळल्यासारखा वाजू लागला. पट्टा घसरत होता. तिने बोट लावून पाहिलं.

"मावशी, याच्यात भजी तळायची होती का?"

शेजारी उभ्या असलेल्या सुमनताईंचा चेहरा उतरला. "माझ्याच हाताने घातलं गं मी," एवढंच त्या म्हणाल्या. हफिजाने पट्टा पुसला, पण तेल रबरात मुरलं होतं. संयोजक फोनवरचं संगीत लावा म्हणाले. नाव पुकारलं गेलं. अंतराने आईकडे पाहिलं.

"यालाच लाव. मी हळू म्हणते."

पूर्ण पाच मिनिटं हफिजा माझ्या तबकाची कड बोटाने पुढे ढकलत राहिली, ताल तुटू नये म्हणून. आणि अंतरा, आयुष्यात पहिल्यांदा, एकेक शब्द सुटा करून बोलली.

"वॉर्डभरचा ताप ती मोजत राहिली,
स्वतःची कणकण माझ्यापासून झाकत राहिली."

हॉलमध्ये निम्म्या नर्सच होत्या. आधी कुजबुज थांबली. मग कुणीतरी पर्समधून रुमाल काढला. टाळ्या पडत होत्या तेव्हा समोर पहिल्या रांगेत बसलेल्या सुमनताई उठल्याच नाहीत. अंतरा खाली त्यांच्यापाशी आली, तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढं सगळं तुला कळत होतं?"

अंतराने होकारार्थी मान हलवली.

त्या हिवाळ्यात दोघींचं नाव झालं. आधी इतर मंडळांनी बोलावलं, मग शहरातल्या शर्क भागातल्या मोठ्या हॉटेलात कार्यक्रम झाला, आणि जिथे तिथे लोक तेच संथ रॅप मागू लागले. दोघींनी नवी, दमदार यंत्रं घेतली. घ्यायलाच हवी होती. माझ्यावर टॉवेल आला, टॉवेलवर इस्त्रीचे कपडे. राग नाही आला, पण हफिजाच्या बोटांची फार आठवण येई.

मार्चमध्ये सुमनताईंची बॅग भरली गेली. विमानात तीस किलोच न्यायची परवानगी. खजूर, दुधाच्या पावडरीचे डबे, कुणाकुणासाठी साबण. वजनकाट्यावर बॅग ठेवून त्यांनी एकेक डबा बाहेर काढला, आणि रिकाम्या जागेत, आपल्या दोन सुती साड्यांच्या मधे, मला ठेवलं.

मी इथे बॅगेत, अंधारात आहे. बाहेर अंतरा आणि हफिजा रडू आवरून मोठमोठ्याने बोलताहेत, पासपोर्ट घेतला का विचारताहेत. मित्रांनो, जुन्या वस्तूला जपा, तिला काय चालतं ते आधी विचारून घ्या. आणि घरातल्या माणसाला काही सांगायचं असेल तर हळू सांगा, त्याला ऐकू येईल इतकं हळू.