गेटापर्यंत

नव्यानं कोरलेल्या अक्षरांत दगडाची भुकटी अडकली होती. मनकर्णाबाईंनी ती पदरानं पुसली आणि नवऱ्याचं नाव पुन्हा वाचलं. कोरोनात गेलेल्या गावकऱ्यांचं हे स्मारक देऊळघाटात आजच खुलं होत होतं. मागे त्यांचा मुलगा भागवत झेंडूची फुलं घेऊन उभा होता.

पन्नाशीचा एक माणूस शेजारी आला. त्यानं दगडाला हात जोडले.

"मी देवानंद. त्या साली बुलढाण्याच्या स्मशानात कामाले होतो. हे भगवानराव तुमचे कोण, बाई?"

"मालक होते माहे."

"मीच अग्नी देल्ला त्याईले."

"तुमी लाकडं रचली असतीन, भाऊ. अग्नी यानं देल्ला. हा माहा पोरगा."

देवानंदनं भागवतकडे पाहिलं आणि तो घुटमळला.

"तसंच असन, बाई. लय लोकं होते त्या दिवशी. माही गल्लत झाली असन."

भागवत मान खाली घालून फुलांच्या पाकळ्या खुडत होता. मनकर्णाबाई त्याच्या हातांकडे बघत राहिल्या.

"भागवत."

"मी गेटाबाहेर गाडीतच होतो, माय." तो फुलांकडेच बघत बोलला. "करिष्माले आठवा महिना लागला होता. रोग घरी बायकोपर्यंत नेला तर, असं वाटलं. उतरलोच नाही."

दवाखान्यानं प्रेत घरी दिलं नव्हतं. त्या दिवशी परत आल्यावर भागवतनं अंगणातूनच सांगितलं होतं की, पिशवी जराशी उघडून दाखवली, चेहरा शांत होता, झोपल्यासारखा. पाच वर्षं मनकर्णाबाई तेवढ्यावर झोपत आल्या होत्या.

त्या देवानंदकडे वळल्या.

"तुमी तोंड पाह्यलं त्याईचं?"

देवानंदनं दगडावरच्या नावाकडे पाहिलं. हो म्हणणं त्याला सोपं होतं.

"नाही, बाई. पिशवी उघडायची मनाई होती. चिठ्ठीवरचं नाव वाचलं. तुमच्यातलं काही येत नव्हतं मले, म्हणून आमचं बुद्धाचं त्रिशरण म्हटलं."

मनकर्णाबाई चौथऱ्यावर बसल्या. दगड तापला होता, पण त्यांना ते जाणवलं नाही. भागवतनं पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही.

माइकवरून एकेक नाव पुकारलं जात होतं. भगवानरावांचं नाव आलं. कोणी हललं नाही. ते पुन्हा पुकारलं गेलं, तेव्हा त्या उठल्या. भागवतच्या हातातली फुलं घेऊन त्यांनी नावाखाली ठेवली आणि परत येऊन देवानंदसमोर उभ्या राहिल्या.

"मले ती जागा दाखवता, भाऊ?"

"आता?"

"हाव."

"माय, बाया जात नाहीत तिथं," भागवत म्हणाला.

"माणसं तरी कुठी गेलते."

त्यांनी आवाज चढवला नव्हता. भागवतनं खिशातून चावी काढली आणि तो गाडीकडे गेला. मनकर्णाबाई मागच्या सीटवर बसल्या. देवानंदही त्यांच्या शेजारी मागेच बसायला निघाला, तेव्हा भागवतनं पुढचं दार उघडलं.

"इथं बसा, भाऊ," तो म्हणाला. "गेटापर्यंतचा रस्ता मले माहीत आहे. पुढचा तुमी सांगा."